पीटीटी दाबलं की यूएसबी तुटतं: शॅकमध्ये शिरलेलं आरएफ कसं शोधायचं

हौशी रेडिओवाला आपल्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, पीटीटी हे प्रसारणाचं बटण दाबतो. सीक्यू, म्हणजे ‘कोणी ऐकतंय का’ ही हाक, सुरू होतो, पॉवरचा काटा वर जातो आणि दुसऱ्याच क्षणी लॅपटॉप यूएसबी निघाल्याचा आवाज करतो. सॉफ्टवेअरमध्ये लाल अक्षरं येतात. रेडिओचा सेट मात्र प्रसारण करतच राहतो, कारण ‘आता थांब’ हा निरोप ज्या केबलमधून जायचा होता तीच गेलेली असते. मग धावत जाऊन सेटचं बटण बंद करायचं.

हौशी रेडिओवाल्या मित्रांकडून मला सगळ्यात जास्त फोन येतात ते याच दुखण्यासाठी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, साताऱ्याकडच्या वाड्यात, कोकणातल्या कौलारू घरात हा दोष इतक्यांदा काढलाय की आता फोनवरचे पहिले चार प्रश्न ठरून गेलेत. फोन येतो तोवर माणसाने नवी यूएसबी केबल, नवं साउंड कार्ड, कधी कधी नवा लॅपटॉपसुद्धा घेतलेला असतो. पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो. तो बहुतेक वेळा लॅपटॉपमध्ये नसतोच. अँटेनाकडे जाणाऱ्या कोॲक्स केबलच्या बाहेरच्या अंगावरून आरएफ, म्हणजे प्रसारणाची उच्च वारंवारतेची ऊर्जा, चालत घरात आलेली असते.

आधी लक्षणं

यूएसबी तुटणं हे आजकालचं सगळ्यात ठळक लक्षण. त्याच्या जोडीला माउस गोठतो, स्क्रीन लुकलुकतो, कीबोर्ड आपोआप अक्षरं टाकतो. बोलून प्रसारण करत असाल तर समोरचा सांगतो की आवाज फाटतोय, घोगरा येतोय. पॉवर कमी केली की तोच आवाज स्वच्छ होतो. धातूच्या जाळीचा माइक ओठाला लागला की चटका किंवा मुंग्या. सेट आणि अँटेना जुळवणाऱ्या ट्युनरच्या डब्याला हात लावला की एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना किती जुळलाय ते सांगणारा आकडा, बदलतो. व्हॉक्सवर, म्हणजे आवाज ऐकून आपोआप प्रसारणात जाण्यावर, ठेवलेला सेट बोलणं थांबलं तरी परत प्रसारणात जात राहतो. घरात रिमोटवाला बीएलडीसी पंखा थांबतो किंवा वेग बदलतो, दाराची बेल वाजते, बंद केलेला एलईडी दिवा मिणमिणतो, वीजगळती झाली की पडणारा आरसीसीबी स्विच पडतो. शेजारच्यांच्या स्पीकरमधून तुमचं बोलणं खरखरत ऐकू येतं.

ही लक्षणं फक्त प्रसारणाच्या वेळी दिसत असतील तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. चोवीस तास ऐकू येणारी खरखर हा त्याचाच उलटा प्रवास. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय. ऑडिओत सतत येणारी पन्नास हर्ट्झची घूंऽऽ हा मात्र वेगळा आजार आहे. तो ग्राउंड लूपचा असतो आणि १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मध्ये टाकून सुटतो. त्याच्यासाठी फेराइट (केबलवर घालायचा चुंबकीय मणी) विकत घेऊ नका.

आत येतं कसं

एवढं एक समजलं की पुढच्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. कोॲक्सच्या आत दोन करंट असतात: एक मधल्या तारेवर, दुसरा शिल्डच्या, म्हणजे तिच्याभोवतीच्या जाळीच्या, आतल्या पृष्ठभागावर, विरुद्ध दिशेने. ते एकमेकांना फेडतात, म्हणून केबल स्वतः काही प्रसारित करत नाही. पण उच्च वारंवारतेचा करंट धातूच्या पृष्ठभागालाच धरून चालतो. ७ मेगाहर्ट्झला तांब्यात तो जेमतेम २५ मायक्रोमीटर खोल जातो. त्यामुळे शिल्डचा आतला आणि बाहेरचा पृष्ठभाग म्हणजे दोन वेगळ्या तारा झाल्या. अँटेनाशी पोहोचल्यावर आतल्या पृष्ठभागावरच्या करंटला दोन वाटा दिसतात: एक अँटेनाच्या हाताकडे जाणारी, दुसरी शिल्डच्या बाहेरून परत घराकडे येणारी. दुसऱ्या वाटेवर अडथळा नसेल तर काही करंट तिकडे वळतो. यालाच कॉमन मोड करंट म्हणतात. तो ट्युनरच्या डब्यावर, सेटच्या चासीवर (धातूच्या सांगाड्यावर), तिथून यूएसबी केबलच्या शिल्डवर, लॅपटॉपवर आणि चार्जरमधून घराच्या वायरिंगमध्ये पसरतो. तुमचं टेबल अँटेनाचा भाग झालेलं असतं.

फुकटच्या तपासण्या

पॉवर १०० वॉटवरून १० वर आणा. लक्षण गेलं तर पुन्हा हळूहळू वाढवत न्या आणि कुठल्या आकड्याला ते परत येतं ते वहीत लिहा. हा आकडा पुढे फार कामाचा आहे. एखादा बदल केल्यावर यूएसबी ३० ऐवजी ७० वॉटला तुटू लागली, तर दोष गेला नसला तरी तुम्ही बरोबर दिशेने चाललात हे कळतं. आकडा नसेल तर ‘थोडं बरं वाटतंय’ यापलीकडे हातात काही राहत नाही.

मग बँड, म्हणजे वारंवारतेचा पट्टा, बदलून बघा. फक्त ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झ) त्रास आणि २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झ) सगळं शांत, असं असेल तर कुठल्या तरी तारेची लांबी ४० मीटरच्या लहरीशी जुळतेय. सगळ्या बँडवर सारखाच त्रास असेल तर संशय कनेक्टरवर.

लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. चार्जर म्हणजे कॉमन मोड करंटला लॅपटॉपमधून घराच्या वायरिंगमध्ये जायचं दार. ते बंद झाल्यावर लक्षण गेलं, तर करंटचा रस्ता सापडला. कितीतरी जण इथेच थांबतात, कायम बॅटरीवर चालवतात. माझं मत विचाराल तर हे थांबणं चुकीचं. दार लावलं तरी पाहुणा अंगणात उभाच आहे. उद्या तो माइकच्या केबलमधून आत येईल.

याच वेळी सेटमधला टाइम-आउट टायमर चालू करून ठेवा. बहुतेक आधुनिक सेटमध्ये तो असतो. दोन-तीन मिनिटांवर लावला की पुढच्या प्रयोगांत सेट प्रसारणात अडकला तरी स्वतःहून सुटेल. एफटी८ या संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल पद्धतीत प्रत्येक फेरीत सलग १२.६ सेकंद पूर्ण पॉवर जाते. आउटपुट ट्रान्झिस्टरांना अशा अडकण्याचा त्रास आपल्याला वाटतो त्याहून जास्त होतो.

डमी लोड

फुकट नाही, पण शॅकमध्ये डमी लोड, म्हणजे पॉवर प्रसारित न करता उष्णतेत जिरवणारा रोध, असायलाच हवा. अँटेना काढून सेटला ५० ओमचा डमी लोड लावा आणि त्याच पॉवरवर प्रसारण करा.

लक्षण गायब झालं, तर करंट अँटेनाकडून येतोय. दहातल्या आठ-नऊ वेळा मला हेच उत्तर मिळालंय. लक्षण डमी लोडवरही तसंच राहिलं, तर अँटेनाकडे बघायचंच नाही. दोष टेबलावर आहे: सेट आणि ट्युनरमधली छोटी पॅच केबल, एखादा ढिला कनेक्टर किंवा पॉवर सप्लाय.

पॉवर सप्लायबद्दल इथेच सांगतो, कारण तो फसवतो. १०० वॉटचा सेट पूर्ण प्रसारणात २० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. डीसीची वायर बारीक असेल किंवा फ्यूजच्या होल्डरवर गंज असेल, तर १३.८ व्होल्ट सेटपाशी येईपर्यंत पार खाली येतात, सेट बंद पडतो आणि माणूस ‘आरएफ शिरलं’ म्हणतो. डमी लोड लावून, सेटच्या टोकाशी मल्टिमीटर धरून एकदा पीटीटी दाबा. व्होल्टेज एका व्होल्टपेक्षा जास्त घसरलं तर वायर बदला. इतकंच होतं ते.

हात लावून बघणं

पुन्हा अँटेना जोडा, पॉवर १० वॉट. कोणाला तरी एसडब्ल्यूआर मीटरकडे बघायला सांगा आणि कोॲक्सच्या बाहेरच्या प्लॅस्टिक आवरणावर मूठ आवळत हात पुढे सरकवा. निरोगी केबलवर काटा हलत नाही. हात सरकल्यावर काटा हलला, तर शिल्डच्या बाहेर करंट वाहतोय. दुसरी तपासणी अशी: मीटर आणि अँटेनामध्ये दोन मीटरची जादा पॅच केबल घाला. चांगल्या केबलच्या लांबीत एवढी भर पडली तर एसडब्ल्यूआर जवळजवळ तसाच राहायला हवा. तो १.३ वरून २ वर उडाला, तर केबल अँटेनासारखी वागतेय.

हात आवरणावरच ठेवायचा. कनेक्टरच्या उघड्या धातूला किंवा अँटेनाच्या तारेला प्रसारण चालू असताना कधीही हात लावू नका. एका टोकाला केबल जोडलेल्या अर्धलहर तारेच्या अँटेनाला जो ४९:१ ट्रान्सफॉर्मर लागतो त्याच्यावर १०० वॉटला सुमारे ५०० व्होल्ट असतात. आरएफचा चटका कातडीच्या आत खोल बसतो आणि भरायला वेळ घेतो.

कनेक्टर, आणि पावसाळा

पीएल-२५९ या कोॲक्सच्या कनेक्टरचा शिल्ड नीट डागलेला नसतो, हा आपल्याकडचा नेहमीचा दोष. मधली पिन छान डागलेली, पण बाहेरची जाळी नुसती दाबून बसवलेली. सहा महिने चालतं, मग हवेने काळवंडतं आणि शिल्डची वाट तुटक होते. आतला करंट परत यायची वाट खराब झाली की तो मिळेल त्या वाटेने येतो, म्हणजे तुमच्या टेबलावरून.

कोकणात हे दर वर्षी ऑक्टोबरात बघायला मिळतं. सिंधुदुर्गातल्या एका मित्राकडे चार पावसाळे जुनी केबल कापली तेव्हा जाळी हिरवीगार होती, आणि ते हिरवेपण कनेक्टरपासून हातभर आत गेलेलं. पाणी जाळीच्या विणीतून केशाकर्षणाने सरकत जातं. अशी केबल वाळवून सुधारत नाही. हिरवं संपेपर्यंत कापत जायचं किंवा सरळ नवी घालायची. बाहेरचा प्रत्येक जोड स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा, वरून साधी काळी टेप, आणि केबल कनेक्टरपाशी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल.

मल्टिमीटरवर शिल्ड सलग दाखवली म्हणून निर्धास्त राहू नका. कंटिन्युइटी मोजताना वाहणारा मिलिअँपिअर खराब जोडातूनही जातो. केबल हलवत हलवत मोजा, कनेक्टर पिळून बघा. आकडा नाचला की तो कनेक्टर कापून टाका.

टेबलावरच्या केबल

इथे थोडा खर्च येतो. यूएसबी केबल शक्य तितकी छोटी घ्या. मीटरभराचं काम असेल तिथे तीन मीटरची गुंडाळी पडू देऊ नका. माइक, पीटीटी, ऑडिओ आणि यूएसबीच्या केबल कोॲक्सपासून दूर ठेवा, ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात ओलांडा.

मग फेराइट. पुण्यातल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर क्लिप-ऑन फेराइट सहज मिळतो, आणि जवळपास प्रत्येकाने तो यूएसबी केबलवर एकदा अडकवून पाहिलेला असतो. अडकवतात आणि म्हणतात, ‘काही फरक पडला नाही.’ पडणार कसा? केबल एकदाच आतून गेली की तो एकच वेढा. अशा एका वेढ्याचा ७ मेगाहर्ट्झला अडथळा समजा ३० ओम आला, तर जिथे शेकडो ओमची वाट आधीपासून आहे तिथे या तिसाने काय अडणार? पण वेढे वाढले की अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्याच फेराइटमधून केबल पाच वेळा फिरवली की ३० गुणिले २५, म्हणजे साडेसातशे. म्हणून मोठ्या भोकाचा फेराइट घ्या आणि यूएसबी केबलचे पाच ते सात वेढे त्यात घाला. भोकातून केबल जितक्यांदा जाते तितके वेढे मोजायचे.

फेराइट कुठल्या मिश्रणाचा आहे हेही महत्त्वाचं. ३१ नंबरचं मिश्रण एचएफच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झ) बँडांवर, ४० आणि ८० मीटरवरसुद्धा, चांगलं काम करतं. ४३ नंबरचं वरच्या बँडांकडे जास्त उपयोगी. जुन्या बाजारात मिळणाऱ्या मॉनिटरच्या केबलवरचे मणी बहुतेक वेळा याहून बऱ्याच वरच्या वारंवारतांसाठी केलेले असतात. ते २ मीटरवर कामाला येतील, ४० मीटरवर त्यांचा भरवसा नाही. आणि रंग बघून मिश्रण ओळखता येत नाही, सगळेच करडे-काळे. विकणाऱ्याला नंबर माहीत नसेल तर घेऊ नका.

ट्युनर, सेट, एसडब्ल्यूआर मीटर, साउंड इंटरफेस या सगळ्यांच्या चासी एकमेकींना आखूड, रुंद तांब्याच्या पट्टीने किंवा जाड विणलेल्या जाळीने जोडा. याचा उद्देश करंट जमिनीत घालवणं हा नाही. सगळे डबे एकाच पातळीवर वरखाली झाले की त्यांच्यामधल्या केबलवरून करंट वाहायला कारणच उरत नाही.

‘अर्थिंग चांगलं करा’ हा सल्ला

यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण याच सल्ल्याने लोकांचे सगळ्यात जास्त दिवस वाया जातात. आरएफ शिरलं म्हटलं की पहिला जाणकार म्हणतो, ‘अर्थिंग सुधार.’ मग खड्डा खणला जातो, मीठ-कोळसा पडतो, तिसऱ्या मजल्यावरच्या शॅकमधून खाली जाड तार सोडली जाते. आणि त्रास वाढतो.

हिशेब करून बघा. सरळ तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने मीटरला एक मायक्रोहेन्री. ७ मेगाहर्ट्झला म्हणजे मीटरमागे सुमारे ४४ ओम. दहा मीटर तारेने आरएफपुरती जमीन कुठल्या कुठे गेली. त्याहून वाईट म्हणजे ४० मीटर बँडची पाव लहर साडेदहा मीटरच्या आसपास असते, आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली जाणारी तार नेमकी तेवढीच भरते. पाव लहर लांबीची तार उलटं करते: खालच्या टोकाला जमिनीमुळे अडथळा जितका कमी, तितका वरच्या टोकाला, म्हणजे तुमच्या सेटपाशी, जास्त. खड्डा जितका चांगला तितकी सेटची चासी आरएफच्या दृष्टीने जमिनीपासून जास्त तुटलेली. वर ती तार स्वतःही प्रसारण करते, आणि शेजारच्यांच्या खिडक्यांजवळून जाते. तीच तार २० मीटरवर अर्धी लहर होते आणि त्रास दिसेनासा होतो. ‘फक्त ४० वरच होतं हो’ या तक्रारीमागे मला ही तार अनेकदा सापडली आहे.

पण म्हणून अर्थिंग काढून टाकू नका. ते जिवासाठी आहे, आरएफसाठी नाही. २३० व्होल्टच्या उपकरणाची चासी जमिनीला जोडलेली हवीच. तीन पिनी प्लगची मोठी पिन कापून आरएफ किंवा घूं घालवायचा उपाय कोणी सुचवला, तर त्याचं ऐकू नका. विजेपासून संरक्षणासाठी अँटेनाचं अर्थिंगही वेगळं आणि आवश्यक आहे, आणि वळवाच्या दिवसांत कोॲक्स काढून घराबाहेर ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

खरा उपाय: केबलवरचा चोक

करंट जिथून बाहेरच्या पृष्ठभागावर वळतो तिथेच अडवायचा. सुमारे ६१ मिलिमीटर व्यासाचा, ३१ नंबरच्या मिश्रणाचा टोरॉइड, म्हणजे फेराइटची कडी, घ्या आणि त्यावर बारीक टेफ्लॉन कोॲक्सचे बारा ते चौदा वेढे घ्या. हाच चोक. आतल्या करंटांची बेरीज शून्य असते, त्यामुळे त्यांना फेराइट दिसतच नाही आणि तुमची पॉवर अँटेनाकडे पूर्वीसारखीच जाते. बाहेरच्या एकट्या करंटला मात्र काही हजार ओमची भिंत दिसते. या विषयावर सर्वात नीट मोजमापं ज्यांनी केली त्या जिम ब्राउन (रेडिओवरचं सांकेतिक नाव के९वायसी) यांचा आग्रह ५००० ओमचा असतो, आणि माझ्या अनुभवात तो आकडा योग्य आहे. ५०० ओमचा चोक कधी लागू पडतो, कधी नाही. ५००० चा जवळजवळ नेहमी लागू पडतो.

वेढे टोरॉइडवर पसरून घ्या. पहिला आणि शेवटचा वेढा एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर करंट चोकला वळसा घालून त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून निसटतो. फोमच्या गाभ्याची केबल घट्ट वळवू नका. मधली तार हळूहळू फोममधून सरकते आणि एके दिवशी शिल्डला टेकते. नुसत्या कोॲक्सची गुंडाळी करून टेपने बांधलेला चोक मी पूर्वी करायचो. तो एखाद्या बँडवर चालतो, दुसऱ्यावर नाही. अनेक बँडांवर काम करायचं असेल तर फेराइटला पर्याय नाही.

पहिला चोक अँटेनाच्या जोडापाशी. दुसरा केबल खिडकीतून आत येते तिथे. दुसरा कशाला, असं विचारतात. अँटेनापासून उभी खाली येणारी केबल अँटेनाच्या स्वतःच्या क्षेत्रात लोंबत असते, त्यामुळे जोडापाशी करंट अडवला तरी पुढच्या लांबीवर तो नव्याने उत्पन्न होतो.

एका टोकाला जोडलेली तार वापरणाऱ्यांनी इथे काळजी घ्यावी. गच्चीच्या कोपऱ्यातून एकच तार ओढता येते म्हणून फ्लॅटमध्ये हा अँटेना लोकप्रिय आहे, पण त्याला करंटाची दुसरी बाजू कुठूनतरी हवीच. ती दिली नाही तर तो कोॲक्सची शिल्ड घेतो. ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंडच्या स्क्रूला ४० मीटरसाठी सुमारे दोन मीटरची तार जोडा आणि मग चोक ट्रान्सफॉर्मरला लागून लावा. तार द्यायला जागा नसेल तर कोॲक्सचे पहिले दोन-तीन मीटर तसेच मोकळे सोडा आणि चोक त्यानंतर बसवा. चोक ट्रान्सफॉर्मरला लागून आणि तारही नाही, असं केलंत तर एसडब्ल्यूआर बिघडेल आणि तुम्ही चोकला दोष द्याल.

करंट कुठे जास्त आहे हे बघायचं असेल तर साधन घरीच बनवता येतं. क्लिप-ऑन फेराइटवर बारीक इनॅमल तारेचे दहा वेढे, त्यांच्या टोकांना समांतर ५० ओमचा रोध, एक १एन३४ जर्मेनियम डायोड, एक ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जुन्या टेपरेकॉर्डरमधला व्हीयू मीटर. हे केबलवर अडकवून सरकवत गेलं की काटा वरखाली होतो. काटा सगळ्यात वर जाईल तिथे चोक लावा. जिथे करंट मुळातच कमी आहे तिथे चोक लावला तर त्याला करायला काही काम नसतं. याच साधनाने चार्जरच्या, यूएसबीच्या, स्पीकरच्या वायरही तपासा. माझ्या पेटीतलं सगळ्यात उपयोगी उपकरण हेच आहे.

सगळ्यात कष्टाचं

वरचं सगळं करूनही त्रास उरला तर अँटेनाची मांडणी बदलावी लागते. द्विध्रुवाचा एक हात लोखंडी गॅलरीला खेटून आणि दुसरा मोकळ्या हवेत असेल तर समतोल राहत नाही, चोकवर ताण येतो. केबल अँटेनापासून काटकोनात, जमेल तितकी दूरपर्यंत न्या. आणि अँटेनाच शॅकच्या डोक्यावर तीन मीटरवर असेल तर घरातली प्रत्येक वायर थेट त्याच्या क्षेत्रात आहे. इथे चोक मदत करतो, पण अंतर वाढवणं किंवा पॉवर कमी करणं यालाच अर्थ आहे.

लो-पास फिल्टर घ्यावा का, असं सगळे विचारतात. तो हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या पटीतल्या लहरी, अडवतो. तुमच्या मूळ वारंवारतेनेच शेजारचा स्पीकर बोलत असेल तर फिल्टरने काही होणार नाही, कारण स्पीकरची लांब वायर अँटेना झालेली असते आणि ॲम्प्लिफायरचा पहिला ट्रान्झिस्टर डिटेक्टर. उपाय त्या वायरवर वेढे घेतलेला फेराइट हाच. त्यांच्या परवानगीने, त्यांच्या समोर, आणि फेराइट आपल्या खर्चाने.

काही उपकरणांत दोष आतच असतो. केबलची शिल्ड सॉकेटवर आली की थेट चासीला न लागता सर्किटच्या बोर्डवर जाते आणि करंट बोर्डभर फिरतो. ऑडिओच्या क्षेत्रात नील मन्सी यांनी १९९० च्या दशकात हा दोष दाखवून दिला आणि तो ‘पिन १’ चा दोष म्हणून ओळखला जातो. स्वस्त साउंड इंटरफेसमध्ये तो सर्रास दिसतो. ज्याला सोल्डरिंगचा हात आहे त्याने जुन्या, वॉरंटी संपलेल्या डब्यात शिल्डपासून चासीपर्यंत आखूड तार टाकून बघावी. बाकीच्यांनी दुसरा इंटरफेस मागून आणून तुलना करावी.

उलटा प्रवास: ऐकतानाची खरखर

जी वाट करंटला बाहेरून आत आणते, तीच घरातला गोंगाट अँटेनापर्यंत नेते. त्यामुळे चोक लावल्यावर कधी कधी ४० मीटरचा पार्श्वनाद सेटच्या एस-मीटरवर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) एस७ वरून एस४ वर येतो, आणि मित्र पुन्हा फोन करतो, या वेळी आनंदाने.

तरीही खरखर राहिली तर सेट बॅटरीवर लावा, घरच्यांना सांगून मुख्य एमसीबी बंद करा आणि एस-मीटर बघा. नाद पडला तर दोषी तुमच्याच घरात आहे. एकेक एमसीबी वर करत जा, मग एकेक प्लग. मोबाइलचे स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, राउटरचा ॲडॅप्टर, सेट-टॉप बॉक्स आणि घरचा इन्व्हर्टर, या क्रमाने मी संशय घेतो. नाद पडला नाही तर बॅटरीचा ट्रान्झिस्टर रेडिओ मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधे लावून इमारतीत फिरा. गणपतीत आणि दिवाळीत एलईडीच्या माळांनी ४० मीटर दहा-दहा दिवस बुजतो. तेव्हा शोध घेण्यात शक्ती घालवू नका, माळा उतरल्यावर पुन्हा मोजा. कोरड्या दिवसांत वाढणारी आणि पावसाने धुऊन गेली की थांबणारी, १०० हर्ट्झच्या लयीची चरचर बहुतेक वेळा विजेच्या खांबावरची असते.

इथे हात थांबवा

खांबावरच्या आवाजाची तक्रार वीज कंपनीकडे लेखी करा, खांबाचा क्रमांक आणि वेळ लिहून. खांब हलवून बघणं, त्यावर काठी मारणं, हे अजिबात नाही.

छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर गोंगाट करत असेल तर डीसीच्या बाजूला हात लावू नका. उन्हात पॅनलच्या त्या तारांवर शेकडो व्होल्ट असतात आणि एमसीबी पाडून ते जात नाहीत. ज्याने बसवलं त्यालाच बोलवा आणि फेराइट त्याच्याकडूनच घालून घ्या.

एसएमपीएस पॉवर सप्लाय उघडायची वेळ आली तर तंत्रज्ञाकडे द्या. आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतं. व्हॉल्व्हच्या लिनियर ॲम्प्लिफायरला तर अनुभवी माणसाशिवाय कोणी उघडूच नये. आरसीसीबी प्रसारणाशिवायही पडत असेल, चासीला हात लावल्यावर सेट बंद असतानाही झिणझिण्या येत असतील, प्लगपाशी अर्थ आणि न्यूट्रलमध्ये काही व्होल्टांहून जास्त दिसत असेल, तर तो आरएफचा विषय राहिलेला नाही. त्याच दिवशी परवानाधारक वायरमनला बोलवा, तोवर शॅक बंद. टॉवरवर चढायचं काम ज्यांना त्याची सवय आहे आणि ज्यांच्याकडे पट्टा आहे त्यांचं. वॉरंटीतला सेट स्वतः उघडू नका.

दुरुस्ती झाली असं वाटलं की एका मिनिटाची चाचणी घेऊन उठू नका. एफटी८ वर ७.०७४ मेगाहर्ट्झला, सुरुवातीला लिहून ठेवलेल्या आकड्याहून जास्त पॉवरवर, अर्धा तास नेहमीसारखं काम करा. मग प्रसारण थांबवून, सेट बंद करून, चोकला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल इतका तापला असेल, तर तिथे अजून बराच करंट त्याच्यावर आदळतोय आणि अडवण्याऐवजी तो उष्णतेत जातोय. तापलेला फेराइट एका मर्यादेनंतर फेराइट राहत नाही, आणि दोष नेमका लांबलेल्या संपर्काच्या मधे परत येतो. त्याच ओळीत दुसरा चोक घाला, आणि अर्धा तास पुन्हा.